बारीक, सरळ

दुकानात खुर्च्या दोन आणि जावाही दोनच. खिडकीजवळची खुर्ची थोरलीची, दाराजवळची धाकटीची. त्यांची खरी नावं दुकानाच्या परवान्यावर होती आणि परवाना आरशामागे खिळ्याला टांगलेला. त्यामुळे गिऱ्हाइकं, शेजारचा किल्लीवाला, पलीकडचा झेरॉक्सवाला, सगळे त्यांना थोरली आणि धाकटीच म्हणायचे. दुकान एवढं अरुंद की दोघी एकदम मागे सरकल्या तर पाठीला पाठ लागायची. एकोणीस वर्षं अशी पाठीला पाठ लावून दोघींनी काढली होती.

धाकटीची कात्री अशी चालायची की समोरच्या बाईने सासूची एक तक्रार सांगून संपवायच्या आत केस कापून झालेले असत. मग ती बाई उरलेल्या तक्रारी उभ्याने सांगत बसे. खिडकीजवळच्या खुर्चीत मात्र घाई नावाची गोष्ट नव्हती. तिथे केस सरळ व्हायचे.

केस सरळ करून देणारी दुकानं त्या रस्त्यावर आणखी चार होती. पण बारीक, लाटालाटांचे केस असले की बायका थोरलीकडेच यायच्या. अशा केसांची गंमत अशी की त्यांच्यात वळण असतं म्हणून ते जरा तरी फुललेले दिसतात. वळण काढलं की उरतं काय? भिजलेल्या मांजरासारखं डोकं. इतर दुकानांत तेच होई. बाई खुशीत बाहेर पडे आणि घरी गेल्यावर नवरा विचारी, आंघोळ करून आलीस का. थोरली गिऱ्हाइकाला बसवतानाच सांगायची, केस सरळ करायचे असतात, आडवे पाडायचे नसतात.

ती कशी करायची ते बघण्यासारखं होतं. शाम्पू मुळांना, कंडिशनर फक्त टोकांना, तेही वाटाण्याएवढं. टॉवेलने चोळायचं नाही, नुसतं दाबून पाणी टिपायचं. मग गिऱ्हाइकाला मान खाली घालायला लावून, सगळे केस तोंडावर उलटे घेऊन आधी मुळं वाळवायची. केस ज्या बाजूला पडतात त्याच्या उलट बाजूला ओढत वाळवले की ते मुळापासून उभे राहायला शिकतात, असं ती म्हणायची. सिरमचा थेंब तळहातावर चोळून तो जवळजवळ नाहीसा झाल्यावरच केसांना हात. आणि ती तापती पट्टी, जिला सगळ्या बायका इस्त्रीच म्हणायच्या, ती कमी आचेवर ठेवायची. एक बट वर आभाळाकडे धरायची, मुळापासून दोन बोटं सोडून पट्टी लावायची आणि एकदाच, न थांबता, टोकापर्यंत न्यायची. टोकाशी मनगट किंचित वळवायची. दुसऱ्यांदा कधी नाही. मग ती बट गार होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, खुद्द गिऱ्हाइकानेसुद्धा नाही.

हे सगळं ती धाकटीकडे पाठ करून करायची. पाठ योगायोगाने तिकडे होती असं नाही. धाकटी आली तेव्हा कात्रीचा रीतसर कोर्स करून, सर्टिफिकेट घेऊन आली होती. थोरलीकडे सर्टिफिकेट नव्हतं. होती ती नुसती बोटं. सुरुवातीला धाकटीने दोन-तीनदा विचारलं, जाऊबाई, मलाही दाखवा ना. थोरली म्हणाली, दाखवू की, एवढी काय घाई. दुसऱ्यांदा म्हणाली, तुझा हात जड आहे गं, हे केस म्हणजे कोळ्याचं जाळं. तिसऱ्यांदा काय म्हणाली ते आता दोघींनाही आठवत नाही, पण त्यानंतर धाकटीने विचारणं सोडून दिलं. थोरलीच्या मनात एकच भीती होती आणि ती तिने कधी नवऱ्यालाही सांगितली नव्हती: कात्री तिच्याकडे आहेच, इस्त्रीही तिच्याकडे गेली तर मग माझ्याकडे काय राहणार?

दर दुसऱ्या शनिवारी दुपारी खिडकीजवळच्या खुर्चीत चष्मेवाली येऊन बसायची. दोन गल्ल्या पलीकडच्या लॅबमध्ये ती रक्त काढायचं काम करी. पन्नाशीची, अबोल, जाड काचांचा चष्मा. चार वर्षांपूर्वी तिला लांबलेला ताप आला आणि डोक्यावरचे दाट, सरळ केस मूठमूठ गळून गेले. परत आले ते असे, रेशमाच्या धाग्यासारखे बारीक आणि नागमोडी. ती ते कापतही नव्हती. तीन वर्षं सांभाळून पाठीपर्यंत वाढवले होते.

कारण तिची आई. म्हातारी एका वृद्धाश्रमात होती आणि तिची आठवण पुसत चालली होती. ताप येऊन गेल्यावर लेक भेटायला गेली तेव्हा आईने तिला ओळखलंच नाही. म्हातारीच्या उशाशी लेकीचा जुना फोटो असायचा, त्यात केस भरघोस आणि सरळ. आई त्या फोटोतल्या मुलीची वाट बघायची. मग कुणीतरी थोरलीचं दुकान सुचवलं. चष्मेवाली तो फोटो घेऊन आली आणि एवढंच म्हणाली, "मावशी, असे करून द्या. सरळ तर हवेतच, पण चपटे झाले तर उपयोग नाही."

थोरलीने देवाचं नाव घेतलं आणि तीन तास लावले. त्या रविवारी म्हातारीने दारातूनच हाक मारली, आलीस का गं, किती उशीर. हे सांगायला चष्मेवाली मुद्दाम सोमवारी आली होती, दुकान बंद असतानाही, आणि वरच्या मजल्यावर थोरलीच्या घरी जाऊन सांगून गेली. थोरली त्या दिवशी देवापुढे बराच वेळ उभी होती. आपल्या बोटांना काही अर्थ आहे असं माणसाला आयुष्यात किती वेळा वाटतं?

वर्षभर हे चाललं. शनिवारी केस, रविवारी आई. केस धुतले की परत नागमोडी होत, म्हणून चष्मेवाली शनिवार ते रविवार डोक्याला पाण्याचा थेंब लागू द्यायची नाही.

आणि मग तो शनिवार आला. थोरलीच्या नवऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलेलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी इस्पितळातून फोन आला, जागा रिकामी झाली आहे, उद्या सकाळीच या. धाकटी त्या वेळी घरी गेलेली. थोरली घाईघाईत दुकानात उतरली, गिऱ्हाइकांच्या वेळांच्या वहीत शनिवारच्या पानावर बोट फिरवलं आणि चष्मेवालीच्या वेळेशी थांबली. नाही म्हणून कळवावं? मग म्हातारी रविवारी कुणाची वाट बघेल? वर जाऊन धाकटीला समजावून सांगावं? कुठून सुरू करणार, एकोणीस वर्षांचं एका संध्याकाळी? तिथेच, त्या क्षणी, तिला खरं तर लाज वाटली होती. सांगायला गेलं तर आपण इतके दिवस का नाही सांगितलं हे आधी सांगावं लागलं असतं. तिने पेन उचललं आणि नेहमीच्या सवयीने तुटक लिहिलं:

चष्मेवाली. बारीक, सरळ. मानेपाशी सांभाळून.

तिला म्हणायचं होतं ते असं: केस बारीक आहेत, सरळ करायचे आहेत, आणि मानेजवळचे सगळ्यात नाजूक, ते पटकन भाजतात. लिहून झालं तेव्हा तिला ते पुरेसं वाटलं. धाकटी हुशार आहे, इतकी वर्षं पाठीमागे उभी आहे, काही ना काही पाहिलंच असेल. वही मिटून ती वर गेली.

धाकटीने शनिवारी ते वाचलं आणि तिला त्यात काहीच अवघड दिसलं नाही. बारीक म्हणजे बारीक कापायचे. सरळ म्हणजे एका रेषेत. मानेपाशी सांभाळून, तर तेही बरोबर, मान दिसणार म्हणजे रेष नीट यायला हवी. तिच्या मनात उलट समाधानच होतं. इतके विरळ केस लांब वाढवण्यापेक्षा आखूड केले तर भरलेले दिसतात, हे तिला कोर्समध्येच शिकवलं होतं. शेवटी जाऊबाईंनाही पटलं म्हणायचं.

चष्मेवाली आली. थोरली नाही हे कळल्यावर जरा थबकली आणि विचारलं, मावशींनी सांगितलंय ना तुम्हाला? धाकटी म्हणाली, हो तर, लिहून ठेवलंय. चष्मेवाली बसली, नेहमीसारखा चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. चष्म्याशिवाय तिला आरशात आपण आहोत की टॉवेल टांगलाय, हेही कळत नसे. धाकटीने केस ओले केले, विंचरले, पुढच्या दोन बटा सोडून बाकीचे मानेपाशी रबर लावून बांधले आणि मोकळेपणाने म्हणाली, "दाट दिसतील बघा आता."

"तेवढंच हवंय," चष्मेवाली म्हणाली.

कात्रीचा आवाज आला तेव्हाही ती हलली नाही. थोरली कधी कधी टोकं साफ करायची, तसंच वाटलं. मग मानेला वारा लागला. तिने हात मागे नेला.

थोरली इस्पितळातून आली ती नवऱ्याला वर झोपवून थेट खाली उतरली. चष्मेवाली चष्मा लावून खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, दोन्ही हात मांडीवर. मागचे केस मानेच्या वर, पुढच्या दोन बटा अजून लांब. धाकटी भिंतीला टेकून उभी, हातात ती रबर लावलेली शेपटी. तीन वर्षांचे केस, आणि जाडी करंगळीएवढी.

"उद्या आईकडे जायचंय," चष्मेवाली म्हणाली. रडली नाही. नुसतं सांगितलं.

थोरलीच्या तोंडातून जे पहिलं बाहेर पडलं ते हे: "अगं, डोळे कुठे होते तुझे?"

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. काउंटरवर वही उघडीच होती. धाकटीने त्या ओळीकडे पाहिलं, परत थोरलीकडे पाहिलं, आणि हात लांब करून वही मिटून टाकली. हळूच, जसं कुणी झोपलेल्याच्या खोलीचं दार लोटावं तसं. पण तेवढ्या वेळात थोरलीने आपलं अक्षर वाचलं होतं. बारीक, सरळ. वाचताक्षणी तिला दोन्ही अर्थ दिसले, एकावर एक ठेवलेले. तेव्हाच बोलायचं होतं. एवढं एकच वाक्य, माझीच चूक आहे. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं, कारण चष्मेवाली तिच्याकडे बघत होती, तीच ती नजर, मावशी काहीतरी करतील अशी. ती नजर गमवायची तिची छाती झाली नाही.

तिने पुढच्या बटा कापून मागच्याशी जुळवल्या. मुळं उलटी वाळवली, टाळूवर जाड रोलर लावले, होईल तेवढा फुगवटा आणला. डोकं छान दिसत होतं. कुणा दुसऱ्या बाईचं वाटावं इतकं छान. चष्मेवालीने आरशात पाहून मान हलवली, धाकटीकडे न बघता दार ओढून घेतलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशीपासून धाकटी खाली आली नाही. दीर आला. तो साधा माणूस, दाराबाहेर चपला काढत म्हणाला, वहिनी, तिचा ॲप्रन द्या, ती म्हणते आता घरातलंच बघते. थोरलीने काय झालं विचारलं तर म्हणाला, मला काय विचारता, मला कोण काय सांगतंय, मला फक्त ॲप्रन आणायला सांगितलंय.

गल्लीत गोष्ट पसरायला दोन दिवस पुरले. किल्लीवाल्याची बायको केस धुवायला आली तेव्हा हसत म्हणाली, काय हो, धाकटीने म्हणे लॅबवाल्या बाईची पार हजामतच केली. झेरॉक्सवाल्याने विचारलं, दाराजवळच्या खुर्चीत बसायचं म्हणजे आता विमा काढून यायचं का. थोरली प्रत्येक वेळी "जाऊ द्या" म्हणायची. दोन शब्दांत विषय संपवायची. ऐकणाऱ्याला वाटे, काय मोठ्या मनाची बाई, जावेला पदरात घेते आहे. असं एकीने बोलूनही दाखवलं. त्या दिवशी थोरलीला जेवण गेलं नाही.

तीन आठवडे असे गेले. ती सकाळी देवापुढे उभी राहायची, रोजची प्रार्थना पाठच होती, ती सुरू व्हायची, आणि माझ्या हातून कुणाचं वाईट होऊ देऊ नकोस, या ओळीशी आली की जीभ अडायची. दोन-तीनदा ती ओळ गाळून पुढे गेली. मग तेही जमेना. माणसासमोर वही मिटता येते, देवासमोर मिटता येत नाही, तिथे पान उघडंच असतं. रोज थोडा वेळ नुसती हात जोडून उभी राहायची आणि खाली दुकान उघडायला निघून जायची. दाराजवळची खुर्ची रिकामी. केस कापायला आलेल्या बाया परत जात. पाठ मागे सरकवली तर कुणाच्या पाठीला लागत नसे, हे तिला दिवसातून दहा वेळा कळायचं.

तिची साखर दर तीन महिन्यांनी तपासायची असे. चिठ्ठी पर्समध्ये पडून होती आणि ती आज-उद्या करत होती, कारण लॅब तीच. शेवटी एका सकाळी उपाशीपोटी ती निघाली. वाटेत स्वतःला सांगत होती की रक्त द्यायला चालले आहे. पण पायांना माहीत होतं कशाला चालले आहे ते.

चष्मेवालीने तिला पाहिलं, नाव न विचारता फॉर्म भरला आणि स्टुलाकडे बोट दाखवलं. आखूड केस कानामागे चापून पिना लावल्या होत्या, दोन्हीकडे. तिने थोरलीच्या दंडाला पट्टा बांधला, मूठ वळायला सांगितली आणि शीर शोधायला लागली. फार हलकी बोटं होती तिची. आपण रोज लोकांची डोकी हातात घेतो, आज आपला हात कुणाच्या तरी हातात आहे, हे थोरलीला कसंतरीच वाटलं.

"आईने ओळखलं?" तिने विचारलं.

सुई आत गेली. "नाही," चष्मेवाली म्हणाली. नळीत रक्त चढताना बघत राहिली. "खूप आदराने बोलली माझ्याशी. बसा म्हणाली. म्हणाली, माझी मुलगी येते रविवारी, ती आली की सांगते तिला, तुम्ही येऊन गेलात म्हणून."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती रडायला आली नव्हती. "धाकटीची चूक नव्हती ती," ती म्हणाली. "वहीत मी लिहिलं होतं. बारीक, सरळ, एवढंच. तिने वाचलं तसं केलं. आणि मी तुमच्यासमोर तिलाच बोलले."

चष्मेवालीचा हात तसाच स्थिर राहिला. धंद्याचीच शिस्त ती. पण मान वर करून तिने जे पाहिलं ते थोरली विसरणार नव्हती. "तीन आठवडे," ती म्हणाली. "तीन आठवडे मी त्या बाईला मनातल्या मनात शिव्या देते आहे. परवा भाजीच्या दुकानात त्या दिसल्या, मी तोंड फिरवलं. त्या थांबल्या होत्या माझ्यासाठी. काहीतरी बोलणार होत्या."

"ती हे बोलली नसती," थोरली म्हणाली. "तिने वही मिटली ती माझ्यासाठी."

"मूठ सोडा."

थोरलीने मूठ सोडली. सुई निघाली, कापूस लागला, हात कोपरात दुमडला गेला. बाहेर बाकावर आणखी तिघं वाट बघत होते. चष्मेवालीने नळीवर पट्टी चिकटवली, त्यावर सावकाश लिहिलं आणि मग म्हणाली, "वाढायला दोन-तीन वर्षं लागतील. तोवर आई असेल की नाही, आणि असली तरी फोटोतली मी तिला आठवेन की नाही, काही सांगता येत नाही. पण वाढले तर येईन मी दुकानात. तुमच्या खुर्चीत नाही बसणार मावशी. त्यांच्या खुर्चीत बसेन."

"तिला ते येत नाही."

"का येत नाही?"

थोरली कापूस दाबून धरून निघाली.

उपाशीच होती. घरी जाऊन काही खावं असंही तिला सुचलं नाही, आपला मजला ओलांडून ती वर धाकटीच्या दारात गेली. नऊ वर्षांपूर्वी दोघींच्या चुली वेगळ्या झाल्या तेव्हापासून ती या दारात न बोलावता आली नव्हती. धाकटी पलंगाशी वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. एकटीने मोठी चादर धरताना तिचं एक टोक सारखं जमिनीवर लोळत होतं. थोरलीने ते उचललं. दोघींनी चादर ताणली, मध्ये दुमडली, जवळ आल्या, टोकांना टोकं दिली, पुन्हा लांब गेल्या. दुसरी चादर झाली, तिसरी घेतली.

मग थोरलीने सांगितलं. लॅबमध्ये गेले होते, सगळं खरं सांगून आले, म्हातारीने ओळखलं नाही, आणि चष्मेवाली काय म्हणाली तेही. किल्लीवाल्याच्या बायकोला आजच सांगते, म्हणाली, म्हणजे संध्याकाळपर्यंत गल्लीला कळेल.

धाकटी ऐकत होती. चादर धरलेली, पण घडी थांबलेली. "मला बोललात त्याचं नाही काही," ती म्हणाली. "गडबडीत बोलतं माणूस. जाऊबाई, तुम्ही मला एकोणीस वर्षांत एकदा तरी ती इस्त्री हातात दिलीत? कधी दिली असतीत, तर 'सरळ' म्हणजे काय ते मला कळलं नसतं का? मी कात्रीवाली. तुम्ही मला काम दिलंय म्हणजे ते कात्रीचंच असणार. दुसरं काही तुम्ही मला देणार नाही, इतकी खात्री होती मला. म्हणून तर विचारायला फोनसुद्धा केला नाही."

थोरलीला पलंगावर बसावंसं वाटलं, पण तिच्या हातात चादरीची टोकं होती. ती उभीच राहिली.

"मला भीती वाटायची," ती म्हणाली.

"कसली?"

"तुझी."

धाकटी हसली. चांगलं हसू नव्हतं ते, पण हसू होतं. "माझी कसली भीती. मला तर माझ्या पोरीसुद्धा घाबरत नाहीत." मग तिने चादर पुढे केली, थोरलीने टोकं तिच्या हातात दिली, घडी पुरी झाली. धाकटीने ती इतर चादरींवर ठेवली आणि हाताने दाबून सारखी केली. "आणि मी परत खाली यायला नाही म्हटलं तर?"

"तर नाही," थोरली म्हणाली. "माझा काही हक्क नाही."

थोरली खाली आली. त्या आठवड्यात तिने सगळ्यांना सांगितलं. किल्लीवाल्याच्या बायकोला सांगितलं तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं, आणि झेरॉक्सवाल्याने मशीनमध्ये कागद घालता घालता मान डोलावली, विनोद केला नाही. काही बाया थोरलीकडे यायच्या थांबल्या. एक तर म्हणाली, म्हणजे तुम्हीच होय, आणि आम्ही त्या बिचारीला. वाक्य पुरं केलं नाही. धाकटी आठवडाभर आली नाही. दीर जिन्यात भेटला तर नुसता खांदे उडवायचा.

सोमवारी दुकान बंद असतं. दुपारी थोरली आरसे पुसायला खाली गेली होती. शटर अर्धं वर होतं. त्याखालून आधी धाकटीच्या चपला दिसल्या, मग ती वाकून आत आली. ॲप्रन घातलेला. तिने खिडकीजवळच्या खुर्चीवरचा टॉवेल झटकला.

"बसा," म्हणाली.

"कोण, मी?"

"दुसरं कुणाचं डोकं आणू? तुमचेही आता तसेच झालेत, बारीक आणि वाकडे."

थोरली बसली. या दुकानात इतकी वर्षं काढली, पण या खुर्चीत ती कधी बसली नव्हती. इथे बसल्यावर रस्ता कसा दिसतो हेही तिला आज कळलं. धाकटीने केस धुतले आणि टॉवेल घेऊन खसाखसा पुसायला लागली. थोरली म्हणाली, चोळू नकोस, दाब. का, धाकटीने विचारलं. थोरलीने आयुष्यात कधी याचं कारण शब्दांत मांडलं नव्हतं. ती अडखळत सांगायला लागली, ओला केस कसा ताणला जातो, ताणला की सुकल्यावर कसा निर्जीव पडतो. धाकटी मध्येच प्रश्न विचारी, थोरली मागे जाऊन परत सांगे. मान खाली घालून, तोंडावर केस उलटे घेऊन बोलताना तिला स्वतःचा आवाज कुणा परक्या बाईचा वाटत होता. पण ती बोलत राहिली. मुळं वाळायला अर्धा तास लागला.

मग धाकटीने इस्त्री हातात घेतली. पहिली बट तिने फार जवळून धरली. तिसरीला पट्टी मध्येच थांबली. थोरलीचे हात अंगावर पांघरलेल्या कापडाखाली आपोआप उठू पाहत होते, ते तिने गुडघ्यांत दाबून धरले. आरशात धाकटीचं कपाळ दिसत होतं, घामाने चमकणारं. जीभ दातांत धरलेली.

मानेजवळ आल्यावर धाकटी थांबली.

"भाजतंय का?" तिने विचारलं.

नाही गं, चालू दे, असं म्हणायची थोरलीला फार जुनी सवय होती.

"भाजतंय," ती म्हणाली. "बरंच भाजतंय."

धाकटीने बटण फिरवून आच कमी केली, पट्टी थोडी गार होईपर्यंत उभी राहिली आणि मग तीच बट पुन्हा वर धरली.